सतरा नंबरचा ठिपका

“बाई, भावाचं नाव लिवलं तर चालंल का?”

“भाऊ याच वर्गात आहे का?”

“न्हाई, सातवीत हाय.”

“मग नाही चालणार. नववीतल्याच मुलामुलींची नावं लिहा.”

“आन कुनाचंच न्हाई लिवलं तर?”

“तर मी समजेन की तुझं कुणाशीच पटत नाही.”

वर्ग हसला आणि माना पुन्हा खाली गेल्या. चाळीस मुलं कागदावर हाताचा आडोसा करून लिहीत होती. गणिताच्या पेपरालाही आमच्याकडे एवढा आडोसा कुणी करत नसे. फळ्यावर मी तीन प्रश्न लिहिले होते. अडचण आली तर वर्गातल्या कुणाला सांगता? कुणाचं म्हणणं तुम्हाला पटतं? शाळेत येता-जाता कुणाबरोबर असता?

“नावं बाहेर फुटणार नाहीत,” मी सांगितलं. “मी तुम्हाला नंबर लावणार. कुणी कुणाचं नाव लिहिलं ते माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.”

“हेडसरांना बी?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“हेडसरांनाही नाही.”

एवढं ठणकावून सांगायची काही गरज नव्हती. पण मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि ठणकावून बोलायची मला हौस होती.

शाळा डोंगराच्या पायथ्याशी. पाचवी ते दहावी, वर चार-पाच वाड्या, आणि मोबाईलला रेंज हवी असेल तर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं. मी नागरिकशास्त्र आणि मराठी शिकवायचे. पुण्याच्या एका संस्थेचा ‘आपण नागरिक’ नावाचा कार्यक्रम आमच्या शाळेत दोन वर्षं चालू होता. मुलांनी गावातला एखादा प्रश्न शोधायचा, त्याची माहिती काढायची, योग्य त्या कचेरीत अर्ज करायचा आणि पाठपुरावा करायचा. कागदावर झकास. प्रत्यक्षात दोन्ही वर्षं प्रतीक आणि त्याचे चार मित्र पुढे होते, बाकीचे पस्तीस जण टाळ्या वाजवायला. प्रतीक आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या. आदल्या वर्षी त्यांनी प्लास्टिकमुक्तीचा प्रश्न घेतला, प्लास्टिकच्या फलकांवर घोषणा लिहून फेरी काढली, फोटो काढले आणि फलक शाळेमागच्या ओढ्यात टाकले.

पुण्याच्या सोहोनी मॅडम प्रशिक्षणाला आल्या तेव्हा मी हे सगळं भडाभडा बोलून दाखवलं. त्या हसल्या.

“तुम्ही काम त्याला देता जो पुढे बसतो,” त्या म्हणाल्या. “मुलं कुणाचं ऐकतात ते मुलांनाच विचारा ना.”

मग त्यांनी ती पद्धत शिकवली. प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. ज्याने ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे एक बाण. सगळे बाण काढले की वर्गाचं जाळं दिसायला लागतं. कुठे गाठ आहे, कुठे दोरा एकेरी आहे, कोण एकटंच कडेला पडलंय. त्यांच्याकडे त्यासाठी कॉम्प्युटर होता. माझ्याकडे ड्रॉइंग शीट आणि चिंचोके होते. एका रविवारी खोलीत फरशीवर शीट पसरलं, चिंचोक्यांवर नंबर लिहिले आणि रेघा कमीत कमी एकमेकींवरून जाव्यात म्हणून ते दिवसभर इकडून तिकडे सरकवत बसले. मुलींना गोल, मुलांना त्रिकोण. संध्याकाळी शाईने पक्कं केलं.

प्रतीकच्या ठिपक्याकडे चार बाण होते, त्याच्याच चार मित्रांचे. आणि सतरा नंबरकडे एकोणीस.

माझी मोजणी चुकली असेल म्हणून मी पुन्हा मोजले. एकोणीसच. सतरा नंबर म्हणजे सगुणा ढेबे. शेवटून दुसरा बाक, तेलाने चप्प बसवलेल्या वेण्या, वर्गात कधी आपण होऊन तोंड उघडलं नाही.

सगुणा मला परकी नव्हती. तिला नववीत मीच ओढून आणलं होतं. तिचा वाडा, म्हणजे वस्ती, सगळ्यात वर, तिथली एकही मुलगी तोवर आठवीच्या पुढे गेलेली नव्हती. जूनमध्ये ती आली नाही म्हणून मी डोंगर चढून तिच्या घरी गेले. तिचे वडील जानू ढेबे म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होते. मला बसायला घोंगडं टाकलं, तांब्याभर ताक दिलं आणि म्हणाले, “बाई, वाट रानातली. पोर मोठी झाली. उद्या कोन काय बोललं म्हंजी?”

“बोलणाऱ्याला मी बघून घेईन. दहावी होईपर्यंत तिला माझ्यावर सोडा.”

“तुमच्यावर?”

“माझ्यावर.”

त्यांनी दाव्याची गाठ ओढून बघितली. सगुणा दारामागे उभी होती. तिला दहावी करून नर्स व्हायचं होतं, महिन्यातून एकदा वाड्यावर सुया टोचायला येणाऱ्या सिस्टरसारखं.

“जोवर कुनी काय बोलत न्हाई तोवर जाईल,” जानू ढेबे म्हणाले. “तुमी म्हनता म्हनून.”

अशी ती आली होती. पण एकोणीस बाण कशाचे, हे मला कळेना. म्हणून एका सकाळी मी लवकर उठून डोंगराच्या वळणापर्यंत चालत गेले. तेव्हा उलगडा झाला. वरच्या वाड्यावरून निघणारी ती पहिली. खाली जांभुळणीची पोरं तिची वाट बघत थांबायची, मग टेकवाडीची, मग कारंडवस्तीची. या तिन्ही वाड्यांचं आपसात फारसं जमत नव्हतं, पाण्याच्या पाइपवरून मोठ्या माणसांची भांडणं होती. पोरंही गट करूनच चालायची. सगुणा मात्र सगळ्यांत. कुणाचा बाप पिऊन आलाय, कुणाची वही भिजली, कुणाला परीक्षेची भीती वाटते, हे सगळं तिच्यापाशी. ती फार बोलतही नव्हती. ऐकायची आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या कुणाला तरी हळूच सांगायची, “ह्येला तुझी जुनी वही दे.” वही मिळायची.

सोहोनी मॅडमना मी टाकीवर चढून फोन केला.

“मग काम तिच्याकडे जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पण तिला पुढारी करू नका. नुसतं विचारा.”

मी नुसतं विचारलं. “सगुणा, या वर्षी कुठला प्रश्न घ्यायचा, तुम्ही सगळे ठरवा.” ती मान हलवून गेली. आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत नववीचा वर्ग दार लावून बसला. मला आत बोलावलं.

प्रश्न होता मुलींच्या संडासाचा. दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून शाळेत मुलींसाठी चार संडास बांधले होते. फीत कापली, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून कुलूप. आत चेअरमनांच्या सभांच्या सतरंज्या आणि खुर्च्या ठेवलेल्या. मुली ओढ्याला जायच्या, आणि महिन्यातले चार दिवस घरी बसायच्या. हे मलाही माहीत होतं. मीही शाळेसमोरच्या घरात जात होते आणि गप्प होते.

“हा प्रश्न गावाचा नाही, शाळेचा आहे,” मी म्हणाले. माझा आवाज थोडा उतरला असणार.

“शाळा गावातच हाय न्हवं?” सगुणा म्हणाली. वर्गात मी ऐकलेलं तिचं ते पहिलं वाक्य.

मुलगेही तयार होते, याचं मला नवल वाटलं. टेकवाडीचा एक दांडगा मुलगा म्हणाला, “माझी भन महिन्याला चार दिस घरी असती. तिचं गनित आमाला शिकवाय लागतं.” सगळे हसले, तोही हसला. प्रतीक तेवढा वहीत रेघोट्या मारत होता. मग त्याने विचारलं, “चुलत्याला कळलं तर?” आणि सहीच्या वेळी पोट दुखतंय म्हणून तो घरी गेला. त्याच्या मित्रांनी मात्र सही केली.

अर्ज मी लिहायला शिकवला. प्रति, गटशिक्षणाधिकारी. विषय. महोदय. सही करायची वेळ आली तेव्हा पेन एका हातातून दुसऱ्या हातात फिरायला लागलं. पहिली सही करायला कुणी तयार होईना.

“पयल्या नावालाच धरत्यात,” एक जण म्हणाला.

सगुणाने दप्तरातून जेवणाचा डबा काढला, झाकण कागदावर पालथं घातलं आणि पेन्सिलीने कडेकडेने गोल काढला. “ह्येच्या भवतीनं करा,” ती म्हणाली. “मग पयला कुनी न्हाई आन शेवटचा बी न्हाई.”

एकोणचाळीस सह्या गोलात बसल्या. कागद फिरवून फिरवून केल्या. मी ते बघत उभी होते आणि मला भरून आलं होतं. पुस्तकातला लोकशाहीचा धडा मी तीन वर्षं घोकून घेत होते, तो या मुलीने डब्याच्या झाकणाने शिकवला.

“बाई, तुमची सही?” तिने विचारलं.

“हा तुमचा अर्ज आहे,” मी म्हणाले. “मोठ्या माणसाची सही आली तर त्याची किंमत जाते.”

तिला ते पटलं. मलाही तेव्हा पटलं होतं.

अर्ज पोस्टाने तालुक्याला गेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, शाळा सुटल्यावर फडतरे सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

फडतरे सर मुख्याध्यापक. ते आणि माझे वडील एकाच वर्षी डी.एड. झालेले. वडील गेले तेव्हा तेराव्याला सर घरी आले आणि आईला म्हणाले, “वहिनी, पोरीला माझ्या शाळेत पाठवा.” मी तिथे शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षं शिकवायचं आणि मग मुख्याध्यापकांच्या अहवालावर कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष संपायला तीन महिने राहिले होते. चारचौघांत ते मला घोलप बाई म्हणत आणि कुणी नसलं की संध्या. आजारी पडले तर डबा त्यांच्या घरून येई.

“संध्या, ते तुझं जाळं का काय म्हणतात ते दाखव की मला,” सर म्हणाले. “पुण्याच्या मॅडम फोनवर फार कौतुक करत होत्या. तपासणीला साहेब येतील तेव्हा भिंतीवर लावू.”

मला पंख फुटले. खोलीवर पळत जाऊन शीट आणलं, त्यांच्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. गोल म्हणजे मुली, त्रिकोण म्हणजे मुलं, हा बाण इकडून तिकडे. सरांनी चष्मा लावला आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायला लागले.

“प्रतीकचा नंबर कुठला?”

“हा, तीन. बघा सर, चारच बाण.”

“अरेरे,” सर हसले. “चेअरमनना सांगू नको. आणि हा एवढा गुंता कुणाचा? सतरा?”

मी घुटमळले. “सर, मुलांना सांगितलंय की नावं फुटणार नाहीत.”

“बरोबर आहे. बाहेर फुटता कामा नयेत. पण मी बाहेरचा आहे का गं?”

तो प्रश्न त्यांनी इतक्या मायेने विचारला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी सांगितलं. सगुणा ढेबे. नुसतं नाव सांगून थांबले असते तरी काही तरी राहिलं असतं. पण समोर ऐकणारा माणूस मिळाला की मला थांबता येत नाही. टेकवाडीचे कोण, जांभुळणीचे कोण, ते तिच्याशी कसे जोडलेत, आपसात कसे जोडलेले नाहीत, हे सगळं मी बोट फिरवून दाखवलं. आणि मग, सोहोनी मॅडम प्रशिक्षणात करायच्या तसं, सतरा नंबरवर तळहात ठेवला.

“आता बघा सर. हा एक ठिपका नाही असं समजा. काय झालं?”

सर वाकून बघत राहिले. “चार तुकडे झाले.”

“एकाचा दुसऱ्याला पत्ता लागत नाही.”

“आणि मग पुन्हा जुळायला किती दिवस लागतील?”

“या वर्षात तरी नाही जुळायचे.”

“छान,” सर म्हणाले. “फार छान काम केलंस. तुझे वडील असते तर त्यांना धन्य वाटलं असतं. हे राहू दे इथे, मी नीट बघतो.”

मी घरी आईला पत्र लिहिलं. त्यात हे सगळं लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

पुढचा आठवडा कसा गेला ते आठवत नाही, म्हणजे नेहमीसारखाच गेला असणार. शुक्रवारी दुसऱ्या तासाला शिपाई आला. सरांनी बोलावलंय.

ऑफिसात जानू ढेबे बसले होते. खुर्चीच्या कडेवर, घोंगडं मांडीवर घेऊन, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून. सगुणा भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर माझं शीट पसरलेलं होतं आणि त्याच्या शेजारी तो अर्ज, गोलातल्या सह्यांचा. मला आधी वाटलं, दुसरा कुठला तरी कागद असेल. पण डब्याच्या झाकणाचा पेन्सिलीचा गोल दिसत होता.

वरच्या कोपऱ्यात तालुक्याच्या कचेरीचा शेरा होता. ‘मुख्याध्यापक यांचेकडे चौकशी व योग्य कार्यवाहीसाठी वर्ग.’ ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच चौकशी, हा आपल्या कचेऱ्यांचा जुना शिरस्ता, मीच वर्गात विनोद म्हणून सांगत असे. शेजारी आमच्या शाळेचा आवक शिक्का होता आणि त्यात शाईने तारीख घातलेली होती. मी ती उलटीकडून वाचली. सरांनी माझ्याकडे शीट मागितलं त्याच्या आदल्या दिवशीची, शुक्रवारची.

शनिवारी त्यांनी विचारलेला एकेक प्रश्न मला पुन्हा ऐकू यायला लागला. किती दिवस लागतील, हा सुद्धा. गोलात सह्या होत्या, त्यातून त्यांना कुणाला धरता येत नव्हतं. धरायचं कुणाला ते मी जाऊन दाखवलं होतं, तळहात ठेवून.

फडतरे सरांनी माझा केसाने गळा कापला, असं मी त्यानंतर सोळा वर्षं सांगत आले. आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, सोहोनी मॅडमना पत्राने कळवलं. ते खरंच आहे. बापाच्या जागी मानलेल्या माणसाने मला बसवून, माझं कौतुक करून, माझ्याकडून काढून घेतलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण सांगताना मी नेहमी इथेच थांबते. ऐकणारा हळहळतो, मी चहा टाकते आणि विषय बदलतो.

त्या दिवशी पुढे झालं ते असं.

“या घोलप बाई,” सर म्हणाले. “जानबा, तुम्ही यांना ओळखता.”

“वळकतो की,” जानू ढेबे उठायला लागले. मी त्यांना बसा म्हणाले.

“मी त्यांना एवढंच सांगत होतो,” सर मला म्हणाले, “की शाळेला काळजी वाटते. हे त्रिकोण म्हणजे मुलगे, जानबा. हे अकरा बाण बघा. अकरा मुलग्यांनी लिहून दिलंय की अडचण असली की सगुणाला सांगतो, येता-जाता सगुणाबरोबर असतो. वाट रानातली. मी काही म्हणत नाही. कागद म्हणतोय.”

अर्जाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. अर्ज टेबलावर होता तो फक्त माझ्यासाठी.

जानू ढेब्यांनी शीटकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बाण कुणालाही वाचता येतात. सगळ्या बाजूंनी येऊन एका गोलावर टोचलेले. त्यांनी आपल्या जाड बोटाने एक त्रिकोण चाचपला, मग दुसरा.

“पोरं संगं येत्यात हे मला ठावं हाय,” ते हळू म्हणाले. “पर हे असं कागदावर...” आणि माझ्याकडे वळले. “बाई, ह्यो कागद तुमी काढलाय?”

“हो,” मी म्हणाले. “पण त्याचा अर्थ...”

“घोलप बाई,” सर मधेच म्हणाले, अगदी शांतपणे. “विचारलंय तेवढंच सांगा. उगाच त्यांचा गोंधळ नको.”

सरांनी धमकी दिली नाही. कपाट उघडलं नाही, माझी फाइल काढली नाही. मला कायम करायचा अहवाल त्यांच्याकडेच होता आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एवढंच.

“अकरा पोरांनी हिचंच नाव लिवलं, हे खरं हाय का?” जानू ढेब्यांनी विचारलं.

सगुणाने वर बघितलं. ती घाबरलेली नव्हती. मी आता सांगणार, याची तिला खात्री होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. सांगण्यासारखं होतं तरी किती. एकोणीस बाणांतले आठ मुलींचे आहेत. हे बाण म्हणजे मुलं हिच्यावर विश्वास ठेवतात. हिने कुणाकुणाच्या बहिणींसाठी काय केलंय, आणि हिला इथे का उभं केलंय, तो कागद तुमच्या डाव्या हाताला आहे. दोन मिनिटं लागली असती. वर्गात मी पस्तीस मिनिटं न थांबता बोलायचे.

“हो,” मी म्हणाले.

“खरं हाय.”

“हो. खरं आहे.”

जानू ढेब्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. “तुमी हाय म्हनून धाडली व्हती,” ते म्हणाले. “आता तुमीच म्हनताय म्हंजी झालं.” आणि सरांना म्हणाले, “दाखला देऊन टाका.”

दाखला तयारच होता. शिपायाने तो ड्रॉवरमधून काढून दिला, शिक्कासुद्धा मारलेला. जानू ढेब्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि सर दाखवतील तिथे उमटवला. मग तो अंगठा घोंगड्याला पुसला.

“गुरुजींच्या पाया पड,” ते मुलीला म्हणाले.

शाळा सोडताना आमच्याकडे मुलं सगळ्या शिक्षकांच्या पाया पडतात. नापास होऊन गेलेली, शेतावर निघालेली, लग्न ठरलेली, सगळी पडतात. सगुणा पुढे आली. टेबलाला वळसा घालून सरांपाशी गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या बुटांना शिवून हात कपाळाला लावला. सर म्हणाले, “सुखी राहा.”

मग ती सरळ झाली. मी टेबलाच्या कडेलाच उभी होते. मी पाय जवळ घेतले. ती वाकली की तिला उठवून धरायचं आणि कानात काहीतरी सांगायचं, असं माझ्या मनात होतं. काय सांगणार होते ते आज आठवत नाही.

ती माझ्या समोरून गेली. माझ्याकडे बघितलं नाही, तोंडही फिरवलं नाही. एखाद्या बाकाजवळून जावं तशी गेली, भिंतीपाशी ठेवलेलं दप्तर उचललं आणि दारात जाऊन उभी राहिली.

“आगं, बाईंच्या?” जानू ढेबे म्हणाले.

“चला आबा,” ती म्हणाली. “वाट लांब हाय.”

त्यांनी बाहेर जाऊन वहाणा घातल्या. पटांगणातून दोघं जाताना खिडकीतून दिसत होते, बाप पुढे आणि ती चार पावलं मागे. नववीच्या वर्गातून कुणीतरी तिला हाक मारली. ती थांबली नाही.

सरांनी शीटची गुंडाळी केली आणि अर्ज एका फाइलीत घातला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बस संध्या,” ते म्हणाले. “चहा सांगितलाय.”

शिपाई दोन कप घेऊन आला. मी बसले आणि तो चहा प्यायले.